खिडकीवालीचे सैनिक

बस डेपोच्या स्टोअरला एक खिडकी होती आणि त्या खिडकीत ती बसायची. म्हणून सगळे तिला खिडकीवाली म्हणत. मेकॅनिक तेलकट हात पुसत यायचा, तोंड उघडायचा, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत नट, वॉशर, ब्रेकचं लायनर त्याच्या पुढ्यात. एक मागितलं तर ती जोडीला दुसरं द्यायची. "पुन्हा हेलपाटा नको," म्हणायची. आपल्या खिडकीवरून कोणी रिकाम्या हाताने गेला नाही, ही तिची नोकरीभरची ऐट.

तिचा नवरा सामान हलवणाऱ्यांच्या टोळीत होता. कपाटं, फ्रिज, लोखंडी पलंग, सगळं जिन्याने पाठीवरून चढवलेलं. निवृत्त झाला तेव्हा पाठ कामातून गेली होती, पण मत शाबूत होतं. घाम आला तर काम, नाहीतर टाइमपास. त्यामुळे बायको कॉम्प्युटरसमोर बसून लढाईचा खेळ खेळायला लागली, तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला.

खेळ मुळात लेकीचा. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि जुना कॉम्प्युटर घरी राहिला. फोनवर लेक "बरी आहे, जेवले" एवढ्यात उरकायची. खेळात मात्र माइकवरून भरभरून बोलायची. म्हणून आई खेळात शिरली. हा खेळ नुसता धावत सुटून गोळ्या झाडायचा नव्हता. आधी प्रत्येक सैनिकाचं सामान बांधावं लागे. बंदूक, काडतुसं, पाणी, मलमपट्टी, रेडिओ, आणि प्रत्येक वस्तूला वजन. ते जास्त झालं की सैनिक चढावर धापा टाकायचा, बंदूक हातात डुलायची आणि नेम हुकायचा. लेक तुकडीची कॅप्टन, बाकीचे आपापल्या घरून खेळणारे तिचे खेळगडी. तिने सामान काढायचं काम आईवर सोपवलं. स्टोअर सांभाळलेल्या बाईला याहून शोभणारं काम कोणतं?

आणि घोळ तिथेच झाला. गेल्या रविवारी खिडकीवालीने सवयीने प्रत्येकाला मागेल ते दिलं, वर थोडं पदरचं घातलं. तुकडी टेकडीवर पोचली ती जीभ बाहेर काढूनच. वर शत्रू निवांत बसलेला. आपल्यातल्या एकाचाही नेम लागला नाही. सगळे मेले.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. "आई, सगळे वैतागलेत गं. येत्या रविवारी तीच टेकडी आहे. या वेळी पण दमलो, तर मी खेळातले सामानाचे तयार संच घेणार. तुला काढायला काही उरणार नाही."

"मग मी काय करायचं?"

"तू नुसती बघत बस की आमच्याबरोबर."

खिडकीवालीने फोन ठेवला. नुसतं बघत बसायला घरात टीव्ही होता.

रविवारी जेवणं आटोपली, ताटं विसळून झाली, तशी ती कॉम्प्युटरसमोर बसली. नवरा चहाचा कप घेऊन मागे उभा राहिला. अर्थात चेष्टा करायला.

"कुठवर आली लढाई?"

"लढाई संध्याकाळी. आत्ता बांधाबांध."

"बोटाने?"

"तुम्ही जरा गप्प बसाल का?"

पडद्यावर एक सैनिक हात लोंबते सोडून उभा होता. ती त्याच्या जाकिटाच्या खिशात एकेक वस्तू घालत होती. मलमपट्टी सगळ्यांच्या एकाच खिशात, डाव्या. जखमी माणसाला त्याचीच पट्टी बांधायची आणि ती शोधत बसायची नाही, म्हणून.

"जड सामान कोणाला देणार?" त्याने विचारलं. टोळीत जिन्याखाली पहिला प्रश्न हाच असे. "अंगाने दणकट कोण आहे?"

"इथे सगळे सारखे दणकट."

"सारखे म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांची पाठ एकसारखी. खेळणारा म्हातारा असो, लुकडा असो. फरक काय तो ओझ्याचा."

त्याने कप टेबलावर ठेवला. सगळ्यांची पाठ एकसारखी! टोळीत एक दमेकरी होता. त्याच्या वाटचं दुसरे उचलायचे आणि संध्याकाळपर्यंत त्याला ऐकवायचे. असं गाव कुठे असेल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

सैनिक सज्ज झाला. खिडकीवालीने त्याला सरावाच्या मैदानावर नेलं. तिथे एक चढ होता. ती तो चढ चढू लागली. स्पीकरमधून श्वास ऐकू यायला लागला. आधी नाकातून, मग तोंडातून, मग आत जाणारा तुटका आणि बाहेर येणारा लांब. नवरा पुढे झुकला. हा श्वास त्याला पाठ होता. जिन्याच्या वळणावर, कपाट पाठीवर असताना, हाच. ज्याने कोणी हा आवाज यात भरला, त्याने कधीतरी ओझं उचललेलं असणार किंवा उचलणाऱ्याच्या शेजारी कान देऊन उभा राहिलेला असणार.

वर पोचल्यावर तिने समोरच्या फळीवर नेम धरला. बंदुकीचं टोक डुललं. ती खाली आली, एक ग्रेनेड काढला, पुन्हा चढली. पुन्हा डुललं. दुर्बीण काढली. पुन्हा तोच चढ. टोक स्थिर झालं, तेव्हा कुठे तिने दुसरा सैनिक घेतला.

"एकाचं जमलं ना? बाकीच्यांना तेच लाव की."

"लांबूकडे मशीनगन. मास्तरकडे औषधं. तेच कसं लावू? ज्याचं त्याचं ओझं चढवून बघायला हवं."

आता ती कुठेतरी एखादा चढ गाळेल, याची तो वाट बघत राहिला. बघायला कोण होतं? तुकडीला कळणार नव्हतं, लेकीलाही नाही. तिने गाळला नाही. प्रत्येकाचं ओझं स्वतः वर नेलं. त्याच्या टोळीतसुद्धा कोणी बघत नसताना असं राबणारे थोडेच होते, आणि त्यांच्यापुढे तो मान खाली घालत असे. ही बाई इतकी वर्षं त्याच्याच घरात होती. डेपोच्या त्या खिडकीत तो कधी डोकावला नव्हता.

लांबूचं काही जमेना. मशीनगनला काडतुसांचे लांबलचक पट्टे लागतात. ते घातले की चढ झेपत नव्हता, काढले तर मशीनगन म्हणजे नुसता खांब. ती हनुवटीला हात लावून बसून राहिली. मग तिने पट्टे काढले आणि बाकी सगळ्यांच्या पिशव्यांत एकेक टाकला. आणि एकेकाला घेऊन पुन्हा पहिल्यापासून चढ सुरू.

त्याला शंका आली. "तुझ्या पिशवीत किती कोंबलंस? खरं सांग."

"बाकीच्यांइतकंच. मी काय हमाल आहे?" ती म्हणाली, आणि मागे वळून त्याच्याकडे बघून फिस्सकन हसली. "मी मागे राहिले तर मला ओढायला दोघं लागतील. मग टेकडी कोण घेणार?"

संध्याकाळी तुकडी जमली. मशीनगनवाला लांबू, औषधांचा मास्तर, इतर सगळे. आवाजच नुसते.

"काकू, माझे ग्रेनेड कुठे गेले?"

खिडकीवालीचा हात माऊसवर थबकला. उभ्या नोकरीत हे उत्तर तिने दिलं नव्हतं.

"नाही मिळणार."

"एखादा तरी, काकू!"

"एक दिलाय. नीट बघ."

"काकू, माझे पट्टे!" लांबू कळवळला.

"वर गेल्यावर मिळतील. चल."

शेवटी कॅप्टन. "आई, माझा दुसरा रेडिओ काढलास? पहिला बिघडला तर?"

"तर ओरड. घसा आहे ना तुला? त्याला वजन नाही."

कोणीतरी खिदळलं. कॅप्टन नुसतं "चला" म्हणाली. तिचा राग तिच्या तुटक बोलण्यातून कळतो, हे आईबाप दोघांनाही ठाऊक होतं.

तुकडी चढू लागली. एकामागे एक, गवतातून. नवऱ्याने स्टूल ओढून घेतलं. मधल्या खडकाशी, जिथे गेल्या वेळी सगळ्यांची छाती भात्यासारखी चालली होती, तिथे या वेळी श्वास हलके होते. गवताची सळसळ ऐकू येत होती. कड्याखाली ते थांबले, मोकळा दम घेतला, आणि कॅप्टन म्हणाली, "आता."

बंदुका डुलल्या नाहीत. पण शत्रू चिवट निघाला. मास्तर पडला. लांबूची मशीनगन एकदम गप्प झाली.

"काकू, संपलं!"

"उजवीकडच्याकडे माग! सगळ्यांकडे एकेक आहे!"

पट्टा आला. तो संपला, तसा दुसऱ्याकडून दुसरा. कोणीही जागा सोडली नाही, नुसते हात पुढे होत होते. अरुंद जिन्यात टोळी एखादं लांब फर्निचर हातोहात वर देते तसं, पण यातल्या कोणी कोणाला उभ्या जन्मात पाहिलंही नव्हतं. नवऱ्याचे हातही नकळत पुढे झाले.

मशीनगन पुन्हा बोलू लागली. थोड्या वेळाने वरून गोळी येणं थांबलं.

"टेकडी आपली," कॅप्टन म्हणाली. मग जरा थांबून, "तयार संच राहू देत. सामान आईच काढेल."

"आधी खाली वाक तू," खिडकीवाली म्हणाली. "आणि कोणीतरी मास्तरकडे जा. डावा खिसा."

नवऱ्याला आपल्या पिंढऱ्या भरून आल्याचं जाणवलं. स्टूल मागे तसंच होतं. तो सगळा चढ उभ्यानेच चढला होता.