चपलेत ठेवलेला फोन

'शांत बसा' असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतला एकही आमच्या भल्याचा नव्हता. साहेब म्हणतात, शांत बसा. पुढारी म्हणतात, जरा सबुरीनं घ्या. बारामतीला कॉलेजात असताना मनःशांतीच्या शिबिराचं पत्रक हातात पडलं, तेव्हा त्याच्या कोऱ्या बाजूवर मी मोर्चाच्या घोषणा लिहिल्या. ज्याच्या दाराशी दवाखाना आहे त्यानं शांती शोधावी, आम्हाला आधी भांडायचंय, असं माझं स्वच्छ मत होतं. बरंचसं अजूनही आहे.

पण माझ्या आईचं काय करायचं?

इंदापूर तालुक्यात, हायवेपासून आत, उसाच्या रानात आमचं गाव. आई तिथली आशा सेविका. कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाचं बाळ तापलं, वरून कुणाला आकडे हवेत. फोन उजाडल्यापासून वाजतो. आणि ही बाई रोज विहाराच्या पायरीवर चप्पल काढते, फोन चपलेत ठेवते आणि आत बुद्धमूर्तीसमोर डोळे मिटून बसते.

"कुणाची नड असली म्हंजे?" मी एकदा भांडले.

"नड असली तर माणूस दारात येतंय की. मी काय पळून चालले व्हय?"

मग गावातल्या आरोग्य उपकेंद्राला कुलूप लागलं. नर्सबाईंची बदली झाली, दुसरी कुणी आलीच नाही. घरात वहिनीला सातवा महिना. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांवर मोर्चा न्यायचा म्हणून मी पत्रकं छापली, बायका गोळा केल्या. मोर्चाच्या सकाळी टेम्पो विहारासमोर उभा, बायका वर चढलेल्या, आणि आई आत बसलेली.

"आई निजली का काय गं तुझी?" शेजारच्या आत्या टेम्पोतून म्हणाल्या. "म्हणावं, सायबाच्या हापिसात झोप, तितं पंखा हाय."

तेवढ्यात चपलेतला फोन वाजला. मी उचलला. साहेबांचा कारकून बोलत होता: साहेब दुपारी दौऱ्यावर निघणारेत, निवेदन टपालात देऊन जा. माझं डोकं फिरलं. तशीच आत घुसले.

"आई, साहेब पळतोय."

तिनं डोळे उघडले नाहीत. शेजारची सतरंजी थोपटली. मी बसले, मनात शिव्या जुळवत. पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजत होती. आईचा श्वास मात्र संथ. मग ती उठली.

"चल. आज घोषणा न्हाय द्यायच्या."

"मग काय करायचं?"

"बसायचं."

तालुक्याच्या कार्यालयात साहेबांच्या दारापासून जिन्यापर्यंत बायका मांडी घालून बसल्या. कुणी चकार शब्द काढला नाही. घोषणा दिल्या की दार लावून घ्यायचं, हे त्या कार्यालयाला पाठ आहे. गप्प बायकांचं काय करायचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेब बॅग घेऊन बाहेर आले आणि थबकले, कारण पाय ठेवायला जागा नव्हती. ते आपणहून बोलायला लागले: माणसं कमी आहेत, प्रस्ताव पाठवलाय. कुणी उत्तर देईना. माझ्या घशात घोषणा खाजत होती.

"अहो, काहीतरी बोला," शेवटी तेच म्हणाले.

"आमी कवाच बोललोय, साहेब," आई म्हणाली. "आता तुमी बोला."

ते आत वळले आणि दार उघडं ठेवून फोन लावत बसले. आमच्या मोर्चात ते दार मी पहिल्यांदाच उघडं पाहिलं.

उपकेंद्राचं कुलूप निघालं. शेजारच्या गावची नर्स आता दिवसाआड येते. वहिनीचं वाढलेलं बीपी तिनंच वेळेत पकडलं. माझी भाची आज सतरंजीवर रांगते. पूर्णवेळ नर्स अजून नाही, त्यामुळे माझी पत्रकं चालूच आहेत. पण दुसऱ्यानं बसवलेलं गप्प बसणं आणि आपण होऊन बसलेलं गप्प बसणं, या दोन गोष्टी मी आता एका पोत्यात भरत नाही.

मला अजून नीट डोळे मिटता येत नाहीत. तरी आईच्या चपलेशेजारी माझी चप्पल काढते, फोन तिच्यात टाकते. परवा दोन्ही फोन एकदम वाजायला लागले. मी उठणार, तर बाहेरून आत्यांचा आवाज आला, "वाजू द्या. आता मायलेकी दोघी निजल्यात."

मी बसून राहिले.