एका मध्यम शहराची वाढ आणि आमची खोली

मी नोकरी काय करते, हे माझ्या आईला अजून नीट सांगता येत नाही. शेजारणींना ती म्हणते, "आकडे वाचते." तसं ते बरोबरच आहे. कुठल्या शहरात तंत्रज्ञानाच्या नोकऱ्या किती वाढल्या, याचे तक्ते माझ्यासमोर येतात आणि मी त्यांचा अर्थ लावते. अर्थ लावणं म्हणजे गिऱ्हाइकाला जे ऐकायचंय ते तक्त्यात सापडेपर्यंत त्याच्याकडे बघत बसणं. ऑफिस परळला आहे, एका गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. त्या गिरणीत माझे वडील होते. तिथल्या नोकऱ्या गेल्या तेव्हा त्याचा तक्ता कुणी काढला होता की नाही, मला ठाऊक नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मध्यम आकाराच्या शहराचा अहवाल माझ्याकडे आला. शहराचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांचा मुंबईकरांवर आधीच राग असतो, त्यात भर कशाला? शहर तसं छान. एक देऊळ, एक उड्डाणपूल आणि एक आयटी पार्क, ज्याचे वरचे मजले अजून भाडेकरूंची वाट बघत होते. पण वाढीच्या टक्केवारीत त्याने मुंबईला मागे टाकलं होतं. कारण अगदी सोपं होतं. जिथे दोन माणसं कामाला होती तिथे आणखी दोन आली की वाढ झाली शंभर टक्के. मुंबईला शंभर टक्के वाढायचं तर लोकांना समुद्रात खुर्च्या टाकून बसवावं लागेल. शिवाय कंपनीची नोंद तंत्रज्ञानाची असली की तिच्या गोदामात खोके उचलणारा माणूसही तंत्रज्ञानाच्याच रकान्यात जाऊन बसतो. हे सगळं मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. अकराव्या पानावर, तळटिपेत, बारीक अक्षरांत. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'उद्याचं शहर'.

माझ्या धाकट्या भावाने फक्त पहिलं पान वाचलं. ते मीच घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. कौतुकाची हौस, दुसरं काय. भाऊ तेव्हा दादरच्या एका पतपेढीत कंप्युटर सांभाळायचा. पगार बेताचा, पण नोकरी कायमची, आणि सुटल्यावर अर्ध्या तासात लालबागला आईच्या हातचा चहा. लग्न केलेलं नाही, त्यामुळे खोलीत तो आणि आई दोघंच. अहवाल वाचून त्याने त्या शहरातल्या एका कंपनीत अर्ज टाकला आणि त्यांनी त्याला बोलावलं.

त्या रविवारी मी माटुंग्याहून आईकडे जेवायला गेले होते. बांगड्याचं तिकलं होतं. भावाने ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "ताई, तू सांग. जाऊ का?"

"आकडे तर चांगले आहेत," मी म्हणाले.

आमच्या धंद्यात हे वाक्य काहीच सांगायचं नसतं तेव्हा वापरतात. त्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. मी त्याला अकरावं पान उघडून दाखवू शकले असते. पण घरात पहिल्यांदाच माझ्या कामाकडे कुणी गंभीरपणे बघत होतं, आणि मी पाठ ताठ करून बसले होते. त्या ताठ पाठीची मला आजही लाज वाटते.

तो गेला. पतपेढीतली त्याची खुर्ची महिन्याभरात भरली. तिकडे सुरुवातीचे काही महिने बरे गेले, मग कंपनीने त्याला तात्पुरतं म्हणून गोदामावर धाडलं. दिवसभर उभं राहून पार्सलांवर मशीन धरायचं आणि टिंग वाजलं की पुढचं पार्सल. तात्पुरतं ते कायमचं झालं. हे त्याने फक्त मला सांगितलं आणि आईला कळता कामा नये म्हणून शपथ घातली. पुढच्या तिमाहीचा तक्ता आला तेव्हा तोही त्यात होता, तंत्रज्ञानाच्या रकान्यात, वाढीचा एक कण. मी खाली लिहिलं, 'वाढ कायम आहे.' डबा उघडायच्या आधी लिहून मोकळी झाले.

या वर्षी ऑफिसने तुलनेसाठी मध्य मुंबईतही घरोघर जाऊन माहिती गोळा केली. निकाल बघून साहेबांना आनंदाचं भरतं आलं. लालबाग आणि काळाचौकीत तंत्रज्ञानाच्या नोकऱ्या जोरात होत्या. जुन्या चाळींमध्ये नवी पिढी कशी फुलतेय, यावर दोन पानं लिही, असं त्यांनी मला सांगितलं. मी मुळातले फॉर्म उघडले. त्यांवर नावं नसतात, पण इमारत, मजला, वयं असतात. तिसऱ्याच फॉर्मवर आमची चाळ होती. दुसरा मजला, जिन्याला लागून असलेली खोली. राहणारी माणसं तीन. आई. मुलगी, नोकरी तंत्रज्ञान. मुलगा, नोकरी तंत्रज्ञान.

मला त्या खोलीतून लग्न होऊन निघाल्याला चौदा वर्षं झाली. पुढचा फॉर्म शेजारच्या काकींचा. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. फॉर्मवर तो लालबागलाच राहत होता.

मला हसू आलं, कारण काय झालं असणार ते लगेच कळलं. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी मी शाळेत होते तेव्हापासून चालू आहेत. कुणी हातात टॅब किंवा पुठ्ठा घेऊन जिना चढलं की गॅलरीभर निरोप जातो, सर्व्हे आला. यादीतून नाव गेलं तर नव्या घरातला हक्क जाईल, या धास्तीने मग प्रत्येक घरातली सगळी माणसं तिथेच राहत असतात. डोंबिवलीला गेलेले, दुबईला गेलेले, सगळे. त्यांचे टूथब्रश भांड्यात उभे असतात, शर्ट दांडीवर वाळत असतात. आमच्या ऑफिसच्या टॅबवाल्या पोरींचा गट नोकऱ्यांबद्दल विचारायला गेला आणि चाळीने त्यांना खोल्यांबद्दलची उत्तरं दिली. कोकम सरबतही दिलं असणार.

संध्याकाळी मी तडक आईकडे गेले. भावाचा निळा शर्ट खरंच दांडीवर होता, ओला. आई तो दर आठवड्याला धुते. मी तिला जरा जोरातच म्हणाले की तो सर्व्हे बिल्डरचा नव्हता, माझ्या ऑफिसचा होता, आणि तिने खोटं सांगितल्यामुळे आकडे चुकले. तिने शर्टाची कॉलर सारखी केली. इतर वेळी ती माझ्याशी शहरी मराठी बोलते, पण तेव्हा मालवणीत बोलली.

"तो हंय रवत नाय म्हटलंय तर नाव काढतले," ती म्हणाली. "मगे परत इलो तर जातलो खंय?"

ज्याला परत यायची जागा शिल्लक राहावी म्हणून ही बाई दर आठवड्याला रिकामा शर्ट धुते, त्याला घालवायला माझं एक वाक्य पुरलं होतं. मी तिच्यासमोरच रडले. तिला वाटलं, आकडे चुकले म्हणून साहेब ओरडले. तिने मला चहा दिला आणि सांगितलं की साहेबांना सांग, म्हातारी आहे, चुकून बोलली.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म दुरुस्त करायला बसले. स्वतःला खोडलं. कॅनडाला खोडलं. भावाच्या ओळीवर आले आणि थांबले. मग ऑफिसच्या जिन्यात जाऊन त्याला फोन लावला. मागे टिंग, टिंग चालू होतं.

मी त्याला अकरावं पान वाचून दाखवलं. दोन वर्षं उशिरा, पण सगळं, शब्द न शब्द. आकडे चांगले नव्हते, मी म्हणाले, मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. चूक माझी. मग मी त्याला सर्व्हेची गोष्ट सांगितली. टिंग थांबलं.

"आईने माझं काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

"इथेच राहतोस म्हणून."

तो म्हणाला, "ते खोडू नको, ताई. महिनाभरात खरं करतो."

मी त्या ओळीपुढे 'तपासणी बाकी' असा शेरा मारला आणि साहेबांना दोन पानं उशिरा मिळतील म्हणून कळवलं. भाऊ चतुर्थीच्या आधी आला, दोन बॅगा घेऊन, नोकरी नसताना. पुढच्या तक्त्यात 'उद्याच्या शहरा'तला एक माणूस कमी झाला. मुंबईत माणूस एकही वाढला नाही, कारण आमच्या कागदांप्रमाणे तो कुठे गेलाच नव्हता. आईने दांडीवरचा निळा शर्ट काढून त्याला दिला. तो त्याला आता पोटावर घट्ट होतो.