बिल्डिंगखालची हाक

विजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर रागावलेलीच होते. आदल्या संध्याकाळी कोपरच्या मैदानावर आमचं कडाक्याचं वाजलं होतं. पूर्वाला, आमच्या खो-खोच्या संघातल्या सगळ्यात चपळ मुलीला, ठाण्याच्या एका मोठ्या क्लबने बोलावलं होतं. बूट, किट, सगळं देणार होते. मी म्हटलं, तिच्या घरी जा, अडव तिला. विजू म्हणाली, "जाऊ दे की. कुठेही खेळू दे, घरी बसली नाही म्हणजे झालं." मी फणफणत निघून आले... आणि सकाळी तिच्या भावाचा फोन. छातीत दुखत होतं म्हणे, पण बाईने कुणाला सांगितलं नाही. आता भांडू कुणाशी?

आम्ही दोघी शाळेच्या संघात एकत्र खेळलेलो. पुढे मी बँकेत लागले, तिने मुलींचा क्लब काढला आणि मलाही त्यात ओढलं. मुली जमवायची तिची रीत जगावेगळी. संक्रांत झाली की आसपासच्या चाळींत, सोसायट्यांत हळदीकुंकवाला जायची, बोलावणं असो नसो. तिळगूळ खायची आणि नजर जिन्यावर ठेवायची. दोन-दोन पायऱ्या गाळून उतरणारी पोर दिसली की तिच्या आईशेजारी बसकण मारायची. जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्या मुलींचे पाय बघत शेवटपर्यंत चालायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या आयांकडे हजर. मुलीशी अवाक्षर नाही. पोरगी काय, कधीही येईल, आई पटली पाहिजे, असं तिचं म्हणणं.

पण आणलेली पोर टिकवायची म्हणजे डोक्याला ताप. दहावी आली, पाहुणे आले, पाय मुरगळला, की गायब. मग विजू तिच्या बिल्डिंगखाली जाऊन मान वर करून आख्खं नाव घेऊन हाक मारायची. गॅलऱ्या भरायच्या. वरून आई सांगायची, अभ्यास चाललाय. विजू म्हणायची, "चालू दे. मी इथेच उभी आहे." आणि खरंच उभी राहायची हो! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, मी आपली कोपऱ्यावर भाजी बघत बसायचे. अगं, जग कुठे गेलं, ग्रुप कर, मेसेज टाक, असं किती वेळा सांगितलं. ती नुसती हसायची. आणि इतकं बोंबलून टिकवलेल्या मुली तयार झाल्या की दुसरेच उचलून न्यायचे. विजूच्या शोकसभेत ठाण्याच्या त्याच क्लबचे सर भला मोठा हार घेऊन आले आणि म्हणाले, ताई म्हणजे हिऱ्यांची खाण होत्या. मी तिथेच म्हटलं, मग खाणीकडे कधी फिरकला नाहीत ते? सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघू देत.

ती गेल्यावर मी सगळं पद्धतशीर करायचं ठरवलं. ग्रुप केला, वेळापत्रक टाकलं, रोज आठवण करून दिली. निळ्या टिका यायच्या, मुली नाहीत. एका संध्याकाळी तर पाटीत ओळीने बसायलाही पुरेशा नव्हत्या, खो देणार कुणाला? वर कळलं की पूर्वा ठाण्यालाही गेली नाही. कुठेच गेली नाही, घरीच बसलीय. संताप संताप झाला. तिचा, तिच्या आईचा आणि सगळ्यात जास्त विजूचा, जी हे सगळं माझ्या गळ्यात टाकून निघून गेली.

शेवटी गेले. बिल्डिंगखाली उभी राहिले. मग डोळे मिटून ओरडलेच, "पूर्वा संतोष म्हात्रे!" गॅलऱ्या भरल्या. तिसऱ्या मजल्यावरून तिची आई म्हणाली, अहो, अभ्यासाला बसलीय ती. मी वाटेत केवढं भाषण जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

"बसू दे," मी म्हटलं. "मी इथेच उभी आहे."

आई आत गेली. बराच वेळ कुणी आलं नाही. माझे पाय भरून आले. कसं केलंस गं हे इतकी वर्षं... तळमजल्यावरचं दार उघडलं, एक आजी प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी ठेवलं.

"विजूताई बसायच्या नाहीत यावर," त्या म्हणाल्या. "नुसती पिशवी ठेवायच्या."

मी खांद्यावरची पिशवी स्टुलावर ठेवली आणि उभी राहिले.