हमूर कुणी पकडला

माझे सासरे मालवणचे आणि मी कऱ्हाडचा. त्यांच्या मते कऱ्हाडच्या माणसाला मासा भेटतो तो फक्त कोयनेच्या पुलाखाली, नाहीतर भूगोलाच्या पुस्तकात. लग्नाला पंधरा वर्षं झाली. तरी दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या माझ्याच घरात, मीच आणलेल्या सुरमईचा तुकडा माझ्याच ताटात वाढला जात असताना ते मला बजावतात, "जावयानू, सांबाळून खावा. हेका काटे असतत."

काटे असतात! जसं काही मी आजवर पापलेट केळ्यासारखं सोलून खात आलो.

या वेळी सासू-सासरे आमच्याकडे राहायला आले तेव्हा मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की मी दर थंडीत कायाक घेऊन खाडीत मासे गरवायला जातो. कायाक म्हणजे एका माणसाची प्लॅस्टिकची होडी. गाडीच्या टपावर बांधून न्यायची, वर बसून आपली आपणच वल्हवायची. सासऱ्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे टबच मगे," ते म्हणाले. सासूबाईंना ठसका लागला. "आणि मासो खंय जाता?"

"बहुतेक सोडून देतो, बाबा. फोटो काढून. इथे तशी पद्धत आहे."

हे बोलायला नको होतं. धरलेला मासा परत पाण्यात सोडला असं सांगणारा माणूस मालवणात एकतर खोटारडा ठरतो, नाहीतर त्याला भगताकडे नेतात.

"सोडूक आधी मेळाक व्हयो," सासरे म्हणाले, आणि माझी बायको, जिला मी या देशात आणलं, खदाखदा हसली.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांचं परतीचं विमान होतं. त्याच्या आत माझ्या हातचा एक मासा, डोक्याशेपटीसकट, त्यांच्या पुढ्यात आणायचा आणि 'जावयान पकडलो' एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचे, असा मी पण केला. फोनवर भरती-ओहोटी पाहिली. गुरुवारी उजाडता उजाडता ओहोटी लागत होती. ऑफिसात सांगितलं, सासऱ्यांना डॉक्टरकडे न्यायचंय. ते खोटं नव्हतं. त्यांच्या त्या जिभेला खरंच उपचारांची गरज होती.

दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनची खाडी डिसेंबरात इतकी गार पडते की त्या सकाळी माझे दात वाजून खारफुटीतले बगळे उडाले. ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांत लपलेली बारकी मासळी पाण्याबरोबर बाहेर वाहत येते आणि ओहोळाच्या तोंडाशी मोठी धेंडं जबडा उघडून बसतात. मी बरोबर तिथे नकली मासोळी टाकली. हिसका बसला. असा बसला की क्षणभर वाटलं, गरी दुबईच्या पायाला लागली आणि आता बुर्ज वगैरे सगळं खेचून येणार.

तो मासा मला माझ्या होडीसकट इराणच्या दिशेने घेऊन निघाला. मी मनात तयारी केली: व्हिसा नाही, डबा गाडीत, बायकोला शेवटचं काय बोललो ते आठवत नाही. बोटं कापली जात होती, खांदे उखडत होते, पण दोरी सोडली नाही. अखेर पाण्यातून वर आला तो हमूर. इथल्या लोकांचा लाडका, तपकिरी, नारिंगी ठिपक्यांचा, आणि तोंड हुबेहूब आमच्या एच.आर. मॅनेजरचं. मी त्याला मिठी मारली. एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने फोटोही काढला. बर्फाच्या पेटीत तो मावेना, शेपूट बाहेरच राहिली.

घराच्या दारात बायको दोन्ही हात पसरून उभी, मागे आमची लेक.

"अहो, थांबा! तिथेच थांबा! आज वार कुठला?"

"गुरुवार."

"महिना?"

"डिसेंबर."

"मार्गशीर्ष!" ती अशी ओरडली की लिफ्ट मधेच थांबली. आत लक्ष्मीचा घट मांडलेला, वेणी, फळं, खीर. संध्याकाळी शेजारणींना हळदीकुंकवाचं बोलावणं. सासू-सासरे देवळात गेले होते. भरतीचं वेळापत्रक मी फोनवर चाळून काढलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"निदान बघ तरी केवढा आहे!"

तिने डोळे घट्ट मिटले. "आज मासा डोळ्यांनीही बघायचा नाही. बाबांनी विचारलं तर लक्ष्मीसमोर खरं तेच सांगेन. मी काही पाहिलंच नाही."

समोरच्या फ्लॅटमध्ये एक मल्याळी कुटुंब राहतं. नवरा अकाउंटंट, इतका सज्जन की लिफ्टलासुद्धा थँक्यू म्हणतो, आणि पाण्याला इतका भितो की बर दुबईच्या अब्रात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या लाकडी होडीत, बसला तरी त्याला ओकारी येते. नवरा-बायको कामावर होते. दार त्याच्या म्हाताऱ्या आईने उघडलं; तिला फक्त मल्याळम येतं. मी पेटी पुढे केली, फ्रिजकडे बोट दाखवलं, हात जोडले. तिनेही हात जोडले. खलास! उद्या सकाळी आणायचा, सासऱ्यांपुढे ठेवायचा.

संध्याकाळी पानं उपासाची होती. मी फोटो दाखवला. सासऱ्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हात म्होरं केल्यार बांगडोय देवमासो दिसता."

मी लेकीकडे वळलो. मी पेटी घेऊन आलो तेव्हा ती दारातच होती. "तू बघितलास ना गं?"

"बाबा, इट वॉज लाइक... मीडियम," ती म्हणाली. बापाची इज्जत, आणि मीडियम!

शुक्रवारी सकाळी मी बेल वाजवायला निघणार, तोच आमची बेल वाजली. दारात अकाउंटंट. हातात भलं मोठं पातेलं, वर केळीचं पान, चेहऱ्यावर कृतज्ञता.

"भाईसाब, बहुत थँक्स. कल भाभीने वाइफ को केला दिया, फूल दिया, खीर दिया. और आपने पूरा हमूर! इतना बड़ा त्योहार है आपका, हमको मालूम ही नहीं था."

म्हणजे माझा हमूर त्यांनी वाणात धरला होता! केळं, गजरा, खीर आणि हमूर! मार्गशीर्षाच्या हळदीकुंकवाला मासा वाटणारं घर जगात असेल का? मी बायकोकडे पाहिलं. ती तोंडात पदर कोंबत होती.

त्याने पातेलं टेबलावर ठेवलं आणि वासाने आतून आलेल्या सासऱ्यांनी वरचं पान उचललं. लालबुंद रश्शात माझ्या हमूरचं डोकं, पातेल्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. ते उभ्यानेच वाकले. कल्ल्याखालचा एक तुकडा बोटांनी काढला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले.

"ह्यो बाजारातलो न्हय," ते म्हणाले. "चार दिस बर्फात पडलेल्याचो वासच नाय. ह्यो गरवलेलो मासो."

मी छाती फुगवली. सासरे सरळ झाले, माझ्या अंगावरून गेले आणि त्यांनी अकाउंटंटचे दोन्ही हात हातात घेतले.

"वाह! शाब्बास! आपने पकडा?"

"नहीं नहीं अंकल! भाईसाबने पकड़ा. मैं तो पानी के पास भी नहीं जाता."

सासरे आमच्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघलात? केला आपण आणि नाव दुसऱ्याचा. ह्येका म्हणतत दर्यावरचो माणूस."

मी बोललो. बायकोही बोलली, अगदी लक्ष्मीची शपथ घेऊन बोलली. पण सासऱ्यांनी हात वर करून आम्हा दोघांना गप्प केलं. नवऱ्याची बाजू घेणारी बायको, तिच्या साक्षीला काय किंमत! बॅगेत माझ्यासाठी राखून ठेवलेली कोकमाच्या आगळाची बाटली त्यांनी काढली आणि त्याला दिली. विमानतळाच्या वाटेवर ते मला समजावत होते, की मनाला लावून घेऊ नका, घाटावर दर्या नाही यात तुमचा काय दोष.

आता दर रविवारी ते मालवणहून त्या माणसाला व्हिडिओ कॉल करतात. त्याला! जावई मी, कायाक माझी, खांदा माझा दुखतोय. परवा त्याने घाबऱ्या घाबऱ्या माझी बेल वाजवली.

"भाईसाब, अंकल पूछ रहे हैं, इस हफ्ते क्या पकड़ा. क्या बोलूँ?"

मी जळफळत सांगितलं, एक शेरी आणि एक बाराकुडा. तो पुटपुटत पाठ करत आपल्या दाराकडे गेला आणि पुन्हा वळला.

"थोड़ा बड़ा करके बोलूँ?"

"थोड़ा?" मी ओरडलो. "अरे, मासा माझा आहे! पूरा बड़ा बोल!"