साक्षीतून गळलेल्या गोळ्या

माझ्या गळ्याला गाठ आली तेव्हा मी दहावीत होते. डाव्या कानाखाली, आधी चिंचोक्याएवढी, मग लिंबाएवढी. सरकारी दवाखान्यात सुई घालून तपासलं आणि टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या. बाबा बेगम बाजारात एका मसाल्याच्या दुकानात वजनकाट्यावर काम करतात. दुकान उघडायच्या आधी ते दवाखान्याच्या रांगेत उभे राहून माझ्या गोळ्या आणायचे. सकाळी मी गोळ्या गिळेपर्यंत समोरून हलायचे नाहीत, आणि मग गळ्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे. गाठ हळूहळू विरली.

हे सगळ्यात आधी लिहिते, कारण लोकांना मी ते असं सांगितलं नाही.

बाबा आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे पास्टरही आहेत. मराठवाड्यातून ते कामासाठी हैदराबादला आले. सातवीपर्यंत शिकलेले. इथेच त्यांनी प्रभूला स्वीकारलं आणि बाजारातल्या हमालांमध्ये, गोदामात मिरच्या निवडणाऱ्या बायकांमध्ये आपली मराठी बोलणारी माणसं शोधत फिरायला लागले. त्यांना कोणी पाठवलं नव्हतं, कोणती मोठी संस्था मागे नव्हती. सुरुवातीला आमच्या एका खोलीत दहा-बारा जण जमायचे. आता अफझलगंजजवळ एका इमारतीच्या गच्चीवर पत्र्याचा हॉल आहे. तीन मजले चढून साठेक माणसं येतात, तेलुगू बोलणारेही येतात. पण बाबांची निम्मी सेवा दवाखान्यांतच होते. कोणाला घेऊन जायचं, कोणासाठी रक्त देणारा शोधायचा. फॉर्म मी भरते, कारण आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

उपासनेत प्रवचनाआधी साक्षी होतात. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते पुढे उभं राहून सांगायचं. आम्ही खोलीत जमत होतो तेव्हा मी पहिली साक्ष दिली आणि सगळं सांगितलं. नंतर आई म्हणाली, "टीबीचं कशाला बोललीस गं? उद्या तुझं लग्न काढायचंय." पुढच्या वेळी मी नुसतं 'आजार' म्हणाले. एका बाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, गोळ्या कसल्या होत्या? मग मी गोळ्याही सांगायचं सोडलं. शिवाय प्रत्येक वाक्य बाबा तेलुगूत सांगतात, त्यामुळे वेळ दुप्पट लागतो. "थोडक्यात सांग बेटा," ते म्हणायचे. तीन वर्षांत थोडक्यात करता करता एवढंच उरलं: लिंबाएवढी गाठ होती, बाबांनी हात ठेवला, गाठ गेली.

लोक जोरात आमेन म्हणायचे. मला ते आवडायचं, हेही खरं सांगायला हवं. कॉलेजात मी मागच्या बाकावर बसते आणि सरांनी मला काही विचारू नये असं वाटतं. हॉलमध्ये मात्र माणसं मला ऐकायला थांबायची.

माझी साक्ष ऐकून जी घरं मंडळीत आली, त्यात एक मावशी होती. नात्याची नाही, पण सगळे तिला मावशीच म्हणतात. ती बेगम बाजारच्या गोदामात मिरच्यांची देठं खुडायची. त्या गोदामात सगळ्याच खोकतात, म्हणून तिच्या खोकल्याकडे बरेच दिवस कोणाचं लक्ष गेलं नाही. गेल्या वर्षी बाबाच तिला दवाखान्यात घेऊन गेले. टीबी निघाला. फॉर्म मी भरला. दोन महिन्यांत तिचा खोकला थांबला, अंगावर थोडं मांसही आलं.

एका रविवारी उपासना सुटल्यावर जिन्यात तिनं माझा हात धरला.

"गोळ्या सोडल्या मी," ती हसत म्हणाली.

"सोडल्या? कधी?"

"महिना झाला. दवाखान्याची बाई घरी आली होती. मी गावाला गेले म्हणून शेजारणीला सांगायला लावलं."

"मावशी, असं करू नको गं."

"कामून? तुझ्या गळ्याला कुठं गोळी लागली माय? पास्टरचा हात लागला. मी बी तसाच विश्वास धरला. एका हातात प्रभू अन् दुसऱ्या हातात गोळ्या, ते मला बरं वाटंना."

जिन्यात लोक होते. माझ्या गोळ्यांचं तिथे सांगायचं मी टाळलं. 'पुन्हा सुरू कर' एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. त्यानंतरचा आठवडा मी उगाच काढला. कॉलेजात परीक्षा होत्या असं स्वतःला सांगत राहिले. परीक्षा होत्याच, पण गोदाम आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे.

शेवटी गेले तेव्हा ती खोकत होती. दारातूनच मी ओळखलं की हा खोकला मिरचीचा नाही.

मी तिच्या शेजारी बसले आणि हळू आवाजात सांगितलं, "मावशी, मला पण टीबीच होता. मी सहा महिने गोळ्या घेतल्या."

समोरची बाई हसली. "पास्टरची पोरगी दवाखान्यात नोकरीला लागली काय गं?"

मावशी हसली नाही. तिनं हातातली मिरची टोपलीत टाकली. "कॉलेजात जाऊन विश्वास ढिला झाला का तुझा, लेकरा? हातात बायबल धरून सगळ्यांसमोर सांगतीस ते खरं, का हितं मिरच्यांत बसून सांगायलीस ते खरं?"

"हे."

"मग ते तिथं सांग," ती म्हणाली आणि पुन्हा खोकायला लागली.

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. हात तसाच ताटात राहिला.

"मी कधी कोणाला गोळ्या सोडा म्हणालोय?"

"नाही."

"तुला म्हणालो होतो?"

"तुम्हीच तर आणून देत होता, बाबा."

मला वाटतं, ते खरंच विसरले होते. तीन वर्षं माझी छोटी साक्ष तेलुगूत सांगता सांगता त्यांनाही तेवढंच आठवत होतं.

"पाळकाच्या घरात खोटं, असं म्हणतील लोक," ते म्हणाले. "त्या साक्षीवर किती घरं आली."

"मावशीही त्यावरच आली."

"आणि हिच्या लग्नाचं काय?" आईनं स्वयंपाकाच्या ओट्यापासून विचारलं. बाबा हात धुऊन आले आणि म्हणाले, "रविवारी तू सांग. मी शेजारी उभा राहीन."

रविवारी मावशी दुसऱ्या रांगेत बसली होती, तोंडाला पदर लावून. मी म्हणाले, "मला टीबी होता." बाबांना हे वाक्य आधीच माहीत होतं, तरी त्यांच्या तोंडून ते तेलुगूत लवकर निघेना. निघालं तेव्हा इतकं हळू निघालं की मागून एक तेलुगू बाई म्हणाली, "गट्टिगा चेप्पंडी अय्यगारू," म्हणजे जरा जोरात सांगा, पास्टर. बाजारात काट्यावर ओरडणाऱ्या माझ्या बाबांना लोकांनी असं कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते वाक्य पुन्हा जोरात सांगितलं. मग गोळ्यांचं, सहा महिन्यांचं, रांगेचं, मी बोलले तसं सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी एक वाक्य जास्त सांगितलं, आधी तेलुगूत, मग मराठीत. "ऐकत असून मी ही चूक चालू दिली." आमेन कोणी म्हणालं नाही.

मावशी प्रवचन संपेपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर दवाखान्यात गेली. नव्यानं तपासणी झाली. त्याच गोळ्या अजून लागू पडतील, असं डॉक्टर म्हणाले, पण पहिल्या दिवसापासून सुरू करायच्या. एका फुप्फुसाचं जे नुकसान झालंय ते आता भरून येणार नाही. गोदामातल्या कामावर तिला परत घेतलं नाही. ती घरी लसूण सोलते. मंडळीतलं एक घर यायचं बंद झालं. आई लग्नाचं काही बोलत नाही.

बाबा आता उपासना संपली की मावशीच्या खोलीवर जाऊन तिच्याबरोबर प्रार्थना करतात. जाऊन माफी माग, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी परवा एकटीच गेले. तिनं मला बसायला पाट दिला. मला जे म्हणायचं होतं ते मी अर्धंच म्हणू शकले.

"केलं माफ," ती म्हणाली. "प्रभूनंच सांगितलंय, न करून जाऊ कुठं? पण तुमच्या हॉलचे तीन मजले मला चढवंनात माय. दुसऱ्यावरच दम लागतोय. तो काय माफ केल्यानं जाईना."