धने भाजला

मोबाइल समोर आला की माझी मान आखडते. लग्नाच्या अल्बमातसुद्धा मी अर्धी कुणाच्या तरी खांद्याआड आहे. अशा बाईला मुलीनं पुण्याहून फोन करून सांगितलं, आई, तू पाटवडीचा व्हिडिओ कर, आजकाल सगळ्याच करतात. इथल्या सदर भागातल्या ऑफिसांत माझे डबे जातात आणि पाटवडी-रस्सा असला की चाटूनपुसून परत येतात, तेव्हा स्वयंपाकाची भीती नव्हती. भीती तोंडाची होती. मुलीच्या सासरी सगळे असे बोलतात, की बातम्या लागल्यासारखं वाटतं. लग्न झाल्यापासून तीही तशीच बोलते, माझ्याशी फोनवरसुद्धा. मी तिथं राहायला गेले की मुकीच असते. 'मला'च्या जागी आमचं 'मले' निसटेल म्हणून चहा हवा की नको तेही मानेनं सांगते.

व्हिडिओ ती माणसं पाहणार हे माहीत होतं. म्हणून ठरवलं, एकही 'ले' तोंडातून जाऊ द्यायचा नाही. मिस्टर नुकतेच रिटायर झालेले, त्यांनी तांदळाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला. मी इस्त्रीची साडी नेसले आणि सुरू झाले. 'ले' आला की 'ला' करायचा, एवढंच डोक्यात. मग काय बाप्पा, जिथं 'ले'च बरोबर होता तिथंही 'ला' करत सुटले. आधी धने भाजला. मग कांदे चिरला. मसाले कुटला. बोलताना मला मेलीला काही कळलं नाही, उलट वाटलं, किती शुद्ध बोलले! मिस्टरांनाही खटकलं नाही, तेही आमच्यातलेच.

व्हिडिओ मुलीला पाठवला, तिनं घाईघाईत न ऐकताच तो नेटवर टाकला. संध्याकाळी खाली कुणीतरी लिहिलं होतं, काकू, धने भाजला की भाजले, हसून हसून पोट दुखलं. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. मी घासलेली कढई पुन्हा घासत बसले. डबे न्यायला येणाऱ्या माणसासमोरही जाववेना. अडाणी म्हणून हसले असते तर एक वेळ चाललं असतं. मी जी नाही ती व्हायला गेले आणि पकडली गेले, हे जास्त लागलं. मुलगी म्हणाली, जाऊ दे गं आई, दुसरा कर. पण तिचा आवाज पडला होता.

दुसऱ्याचं नाव काढलं तरी मी डबे भरायला उठायचे. शेवटी मिस्टर वैतागले. म्हणाले, दिवसभर माझ्याशी कटकट करतेस, तेव्हा कुठं अडखळतेस? ते पटलं. मी त्यांना मोबाइलच्या मागं स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, तुम्ही विचारा, मी तुमच्याकडेच पाहीन. जन्मभर आयतं जेवलेला माणूस, धड काय विचारणार? बेसन आधणात पडलं तसे म्हणाले, हे पिठलंच होय ना? झालं. मी उलथनं त्यांच्यावर रोखलं. पिठलं म्हणता याले? पिठल्याले कोणी एवढं घट्ट करते का? ताटाले तेल लावा म्हटलं होतं, लावलं का? रश्श्यात भिवापुरी तिखट टाकताना विचारतात, एवढं काहून? म्हटलं, रंगासाठी, आणि तुम्ही गप बसावं म्हणून. मोबाइल आहे हे मी पार विसरले. पदर घसरला तो कमरेला खोचला आणि वड्या कापल्या.

तो व्हिडिओ मुलीला न विचारता मी मिस्टरांकडून टाकून घेतला. नंतर पाहिला तेव्हा तोंड लपवावंसं वाटलं, घराचं दार उघडं ठेवून झोपल्यासारखं. जवळच्याच कळमेश्वरच्या एका बाईनं लिहिलं, आमच्या घरीबी असंच बोलतात. तेवढ्यानं जरा जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन, आवाज दाबलेला. आई, तो काढून टाक ना. इथं सगळे हॉलमध्ये टीव्हीवर लावून बसलेत, हसतायत. मी विचारलं, वाईट हसतात का? म्हणाली, तसं नाही गं, पण तुला कळत नाही, मला या घरात राहायचं आहे.

कॅमेऱ्याची लाज काहीच नव्हती, ही पोटच्या पोरीला वाटणारी माझी लाज होती. तिला तरी काय बोलू? तिथं तोंड मिटून बसणारी मीच. काढते, असं जिभेवर आलं होतं. पण समोर मिस्टर तोच व्हिडिओ लावून स्वतःशीच हसत बसले होते.

"नाही काढत, पोरी," मी म्हटलं. "तुले लाज वाटत असन तर वाटू दे. मलेही वाटते. पण मी नाही काढत."

तिचा राग लहानपणापासून असाच, एकदम भडकतो. दाबलेला आवाज पार सुटला.

"काहून ऐकून नाही राहिली वं आई तू माझं? मले इथं..."

आणि थांबली. तिच्या मागं टीव्हीवर मी अजून तेल लावा म्हणत होते, तोही कुणीतरी बंद केला. तिची सासू काहीतरी म्हणाली, मला नीट ऐकू आलं नाही. मुलगी रडायला लागली.

मी रडू नको म्हणत होते. पण आतून, सांगायलाही लाज वाटते, मला बरं वाटत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा माझी पोर माझ्याशी बोलली होती.