नदी डोक्यावर असताना

जर्सी सिटीत राहायचं आणि बोगद्याला घाबरायचं, हे जमत नाही. माझं ऑफिस पलीकडे मॅनहॅटनमध्ये, मध्ये हडसन नदी, आणि लोकल गाडी नदीच्या तळाखालच्या बोगद्यातून जाते. पहिल्याच हिवाळ्यात ती बोगद्यात मध्येच थांबली. दिवे गेले, आले. बाकीचे लोक फोन बघत राहिले. मी पुढच्या स्टेशनवर उतरून बराच वेळ बाकावर बसले आणि त्यानंतर बोटीने जायला लागले. कुणी विचारलं तर सांगायचे, व्ह्यू छान असतो.

मग ऑफिसने रोज यायला सांगितलं. सकाळीच मीटिंग. धुकं पडलं की बोट बंद, आणि मला उशीर. मॅनेजरने अगदी गोड आवाजात विचारलं, सगळं ठीक आहे ना? माझा व्हिसा या नोकरीवर आहे. त्या गोड आवाजाचा अर्थ मला कळला.

ज्याची भीती वाटते त्याचा अभ्यास करायचा, ही माझी शाळेपासूनची सवय. म्हणून बोगद्याचा इतिहास वाचला. एकोणिसाव्या शतकात काम सुरू झालं तेव्हा नदीखालचा गाळ आत येऊ नये म्हणून बोगद्यात दाबाने हवा भरायचे. आत-बाहेर करायला दोन दारांची एक लोखंडी खोली होती. एके दिवशी छताकडून हवा निसटली आणि नदी आत आली. काही मजूर त्या खोलीत शिरले. एक जण दारातच अडकला. तुम्ही पलीकडच्या दाराची काच फोडा आणि निघा, असं त्यानेच आतल्यांना सांगितलं म्हणतात. ते वाचले. तो आणि इतर एकोणीस जण गेले. पुढे काम कितीदा बंद पडलं, पैसे संपले, पुन्हा सुरू झालं. गाडी धावायला नवं शतक उजाडलं.

वाचून भीती कमी झाली नाही. उलट वाढली.

त्याच सुमारास आई नागपूरहून आली. तिला माझं ऑफिस बघायचं होतं, बाहेरून का होईना. नेमकं त्या सकाळी धुकं. आम्ही स्टेशनच्या जिन्यापाशीच अडलो.

"आज बोट नाहीये. राहू दे, पुढच्या आठवड्यात जाऊ."

"पुढच्या आठवड्यात मी विमानात असेन. आणि हे एवढे लोक जिन्याने खाली चाललेत, ते काय पोहत जाणार आहेत?"

उतरलो. गाडी सुटली. मी दांडी घट्ट धरली.

"नदी आली की सांग गं," आई म्हणाली.

"आली. आपण तिच्या खाली आहोत."

तिने लगेच पर्स उघडली. मला माहीत होतं काय निघणार. पुण्याला जाताना वर्धा नदी आली की ती नाणं टाकायची. एसीच्या डब्याची खिडकी उघडत नाही म्हणून दारापर्यंत जायची, आणि मी ओळख नसल्यासारखी बसून राहायचे. आता तिच्या हातात रुपया होता आणि चेहरा गोंधळलेला.

"अगं, पण टाकू कुठे?"

"आई, प्लीज. लोक बघतायत."

"बघू देत. नदी वर आहे ना? मग नमस्कारही वरच." तिने डब्याच्या छताकडे बघून हात जोडले. समोरच्या माणसाने छताकडे पाहिलं. मला हसू आलं, आणि मग मी तिला मजुरांची गोष्ट सांगितली. त्या दारात अडकलेल्याचीही.

तिने हातातल्या रुपयाकडे पाहिलं. "म्हणजे त्याच्यामुळे काही जण घरी गेले," म्हणाली आणि रुपया माझ्या हातात ठेवला. "हा नदीचा आणि त्यांचाही. कधी बोटीने जाशील तेव्हा टाक."

बोटीने मी रोजच जाते, हे तेव्हाही सांगितलं नाही.

आई गेल्यावरच्या सोमवारी धुकं नव्हतं, बोट चालू होती. मी जिना उतरले. गाडी मध्येच थांबली, व्हायचं तेच झालं. चारचौघांत हात जोडणं मला जमणार नव्हतं. कोटाच्या खिशात रुपया मुठीत धरला आणि छताकडे बघत उभी राहिले. गाडी हलली. पुढच्या स्टेशनवर दार उघडलं, तोच बाक समोर दिसत होता. मी उतरले नाही. मीटिंगला वेळेत पोचले.

त्या शनिवारी धक्क्यावर गेले आणि रुपया नदीत टाकला. बोटीच्या पासची मुदत संपत आली होती. तो पुन्हा काढला नाही.